कोंबडीखाली तीतराची अंडी

आई सकाळी खुराड्याची फळी सरकवते तेव्हा तिच्या हातात तुऱ्हाटीची काडी असते. कोंबड्या पंख झटकत अंगणात पसरतात, कोंबडा उकिरड्यावर चढतो, आणि आई खाली वाकून रात्रभरची शिट बघत राहते. मी सुटीत गावी गेले आणि कितीही लवकर उठले, तरी हे काम तिचं आधीच उरकलेलं असतं. राखी-हिरवट गोळा आणि त्यावर पांढरी टोपी, असं दिसलं की ती पुढे सरकते. पाणी जास्त दिसलं की कोणाला ढाळ लागली ते शोधते. हिरवीगार पातळ शिट दिसली तर मात्र तिचा चेहरा उतरतो. मानमोडीच्या एका साथीत आमची सगळी कोंबडी चार दिवसांत गेली होती, ते ती विसरलेली नाही. संशय आला की ती कोंबडी त्याच मिनिटाला वेगळ्या डालीखाली झाकली जाते.

आणखी एका प्रकारची शिट असते. गर्द तपकिरी, चिकट, टोपीशिवायची. वास असा की पायाला लागली तर विहिरीवर जाऊन दगडाने पाय घासावा लागतो. ती दिवसातून दोन-तीनदाच पडते. लहानपणी मला वाटायचं, ही आजारी कोंबडीची असणार. आई म्हणायची, "नाई वं, ते तिच्या दुसऱ्या पोटातलं हाय. ते पडलं म्हणजे कोंबडी चांगली."

पुढे मी प्राणिशास्त्र शिकले आणि हे दुसरं पोट टेबलावर समोर पाहिलं. कोंबडीचं लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं, तिथे दोन लांबट पिशव्या फुटलेल्या असतात. एका टोकाला उघड्या, दुसऱ्या टोकाला बंद. पुस्तकात त्यांना अंधनाल म्हणतात. दाण्याचा चोथा, पानांचा धागा, जे कोंबडीला स्वतःला पचवता येत नाही, त्यातलं बारीक बारीक या पिशव्यांत शिरतं आणि तिथे जिवाणू ते आंबवतात. त्या आंबवण्यातून निघणारी आम्लं कोंबडीच्या रक्तात जातात, तिला त्यांची ताकद मिळते. पिशव्या रिकाम्या होतात तेव्हा ती चिकट, तपकिरी शिट पडते. आईने कधी कोंबडीचं आतडं उलगडून पाहिलं नव्हतं, पण तिचं म्हणणं खरं होतं.

सगळ्या पाखरांना हे दुसरं पोट सारखं नसतं. तीतर, मोर, रानकोंबडा या एका घराण्यातल्या पाखरांत ते चांगलं मोठं असतं. घुबडातही मोठं असतं. होल्याच्या पोटात ते नावापुरतं, राघूच्या पोटात तेही नाही. म्हणजे आमच्या एका बांधावरच्या चार पाखरांत चार तऱ्हेची घरं, आणि त्या घरांत राहणारे जिवाणू. ते तिथे येतात कुठून, टिकतात कशामुळे, आणि कोणाच्या पोटात कोण राहणार हे ठरतं कशावरून, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही. तालुक्याच्या गावात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईकडे प्रयोगशाळा म्हणजे चार सूक्ष्मदर्शक आणि एक गळका नळ. पण वाचायला कोणी अडवलेलं नाही.

जगभरचे संशोधक हे काम बहुतेक आईसारखंच करतात, शिट गोळा करून. फक्त काडीऐवजी निर्जंतुक केलेला चमचा, आणि नंतर ती शिट गोठवून तिच्यातला डीएनए वेगळा काढायचा. प्रत्येक जिवाणूत १६एस नावाचं एक जनुक असतं. त्यातले काही भाग सगळ्यांत सारखे आणि काही भाग ज्याचे त्याचे, त्यामुळे ते वाचलं की जिवाणूचं कूळ कळतं. १९७७ मध्ये कार्ल वोस यांनी याच १६एसच्या आधाराने सूक्ष्मजीवांची एक अख्खी निराळी शाखा जगापुढे मांडली. आज तेच जनुक चिमणीच्या शिटेची हजेरी घ्यायला वापरतात.

आधी अंड्याचं सांगते, कारण सगळ्याची सुरुवात तिथे आहे.

वासरू जन्मताना गाईच्या अंगातून, तिच्या ओलाव्यातून बाहेर येतं आणि लगेच सडाला लागतं. आईकडचे जिवाणू त्याला त्या वाटेवरच मिळतात. पाखराच्या पिलाची गोष्ट वेगळी. ते कवचाच्या आत बंद असतं आणि आत जवळजवळ कोणी नसतं. अंड्याच्या पांढऱ्या बलकात लायसोझाइम भरपूर असतं, जे जिवाणूंची भिंत फोडतं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये पेनिसिलिनच्याही आधी जे शोधलं ते हेच. अंडं आईच्या शेपटीखालच्या, शिट पडते त्याच वाटेने बाहेर येतं, त्यामुळे कवचावर बाहेरून जिवाणू चिकटतात, पण आतलं पिलू जवळपास कोऱ्या पोटाचं. अलास्कातल्या चिखलपाखरांच्या पिलांवर काम झालं तेव्हा दिसलं की अंड्यातून निघालेल्या दिवशी आतड्यात जिवाणू अगदी थोडे असतात आणि दोन-तीन दिवसांतच ते भरून येतं. ज्या मातीत पिलू पहिली चोच मारतं, ती माती त्या दोन-तीन दिवसांत त्याच्या पोटात राहायला येते.

होल्याची मात्र तऱ्हा न्यारी. नर-मादी दोघंही गळ्याखालच्या पिशवीत दुधासारखं काही तयार करतात आणि पिलाच्या चोचीत चोच घालून पाजतात. त्या घोटाबरोबर आईबापाच्या पिशवीतले जिवाणूही पिलाला जातात. आमच्या गोठ्याच्या आड्यावर दर वर्षी होल्याचं ते चार काड्यांचं घरटं असतं. ती चोचीतली चोच दिसली की मी आता काम सोडून थांबते.

कोऱ्या पोटाचा अर्थ मला खरा कळला तो एका खोक्यामुळे. मी कॉलेजात होते. मोटारसायकलवर जाळीचे खोके बांधून एक माणूस गावोगाव एक दिवसाची पिल्लं विकायचा. यंत्रात उबवलेली, आई न पाहिलेली. आईने तीस घेतली. बल्ब लावला, पोतं अंथरलं, कण्या भिजवून दिल्या. आठ दिवसांत बावीस गेली. सगळ्यांना ढाळ. खोक्यातलं पोतं दोनदा बदललं, हळदीचं पाणी पाजलं, काही उपयोग झाला नाही. आई त्या आठवड्यात धड जेवली नाही. पैशाचं दुःख होतंच, पण ती सारखी म्हणत होती, "त्याईले मायच नाई नं. कोणाच्या मागं चालतीन?"

पुढच्या वेळी घेतली तेव्हा तिने ती रात्रीच्या अंधारात एका खुडूक कोंबडीखाली हळूच सरकवली. सकाळी कोंबडीने आपलीच समजून पंखाखाली घेतली आणि तिसऱ्या दिवशी उकिरड्यावर नेली. पिल्लं तिच्या शिटेत चोच घालत होती, मला किळस आली आणि मी त्यांना हुसकायला निघाले. आईने हात धरला. "खाऊ दे त्याईले." त्या खेपेला फार थोडी मेली. एका अंगणातल्या दोन खेपांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या वेळी पाऊस नव्हता, कदाचित पिल्लंच सुदृढ असतील. पण फिनलंडमध्ये १९७३ साली नुर्मी आणि रंताला या दोघांनी नेमकं हेच पाहिलं होतं. तिथे कोंबड्यांत साल्मोनेला नावाचा रोगाचा जिवाणू पसरला होता. त्यांनी मोठ्या निरोगी कोंबडीच्या आतड्यातला ऐवज एक-दोन दिवसांच्या पिलांना पाजला आणि ती पिल्लं साल्मोनेलाला पुरून उरली. आधी जागा धरून बसलेले जिवाणू नंतर आलेल्याला बसू देत नाहीत. यंत्रात उबवलेल्या पिलाच्या पोटात सगळ्या जागा रिकाम्या असतात, जो आधी येईल त्याच्या. हे वाचलं त्या दिवशी मी आईला फोन केला होता. तिला त्यात नवल वाटलं नाही.

आता तीतरांची गोष्ट. मी तेव्हा सातवीत होते. मार्च संपत आला होता, गहू सोंगणं चालू होतं. काकांच्या विळ्याच्या अगदी पुढून तीतरीण फडफडत उडाली आणि खाली खळग्यात सहा अंडी, पिवळट, कोंबडीच्या अंड्याच्या निम्मी. अंडी उघडी पडली होती, दुपारचं ऊन होतं, वर कावळे. काकांनी ती दुपट्ट्यात बांधून घरी आणली आणि आईने ती खुडूक बसलेल्या तांबड्या कोंबडीखाली ठेवली. वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे, पण आमच्या गावात तेव्हा त्याची खबर कोणाला नव्हती. आज मी कोणाला असं करू देणार नाही, अंड्यांपासून दूर व्हा, तीतरीण परत येईल असंच सांगेन. तेव्हा मात्र मी दिवसातून दहादा त्या टोपल्याजवळ जाऊन बसायची.

कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस लागतात. ही तेराव्या दिवशीच फुटली, म्हणजे आधीची ऊब खऱ्या आईने दिली होती. चार निघाली. बोराएवढं अंग, पाठीवर तपकिरी पट्टे, आणि पाय असे की जन्मल्या जन्मल्या पळायला लागलेली. कोंबडीने त्यांना कण्यांजवळ नेलं, कुट्‌ कुट्‌ करत दाणा उचलून खाली टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. तिची पोरं असती तर तुटून पडली असती. ही चौघं कणीकडे बघेनात. मुंगी दिसली की मात्र विजेसारखी झेप. दुसऱ्या दिवशी एक मेलं. मग आई कुदळ घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गेली आणि उदईच्या, म्हणजे वाळवीच्या, वारुळाचं ढेकूळ फोडून घमेल्यात घेऊन आली. अंगणात ते उपडं केल्यावर पांढऱ्या उदया वळवळत बाहेर पडल्या. त्या तीन पिलांनी जे खाल्लं ते मी अजून विसरले नाही. चोचीचा टकटक आवाज मातीवर ऐकू येत होता. कोंबडीसुद्धा दाणा सोडून त्यांच्यात सामील झाली. त्यानंतर महिनाभर रोज एक ढेकूळ.

उदईच्या स्वतःच्या पोटात लाकूड आंबवणारे सूक्ष्मजीव असतात, आणि त्या ढेकळातली मातीसुद्धा पिल्लं गिळत होती. कोंबडीची ऊब, आमच्या अंगणाची धूळ, धुऱ्यावरची उदई, तीतराचं रक्त. या चौघांतलं त्यांच्या पोटात कोणाचं जास्त होतं? सातवीतल्या मुलीला हा प्रश्न पडला नव्हता. तो पडला वीस वर्षांनी, जेव्हा वाचलं की लोकांनी हाच प्रयोग मुद्दाम करून पाहिला आहे.

युरोपात रामगंगा आणि निळी टोपीवाली तिची भावंडं अशी दोन जातींची पाखरं असतात. संशोधकांनी त्यांची पिल्लं एकमेकांच्या घरट्यांत ठेवली. २००५ मध्ये त्याचं उत्तर छापून आलं. पिलाच्या शरीरातले जिवाणू ठरवण्यात ज्या घरट्यात ते वाढलं त्या घरट्याचा मोठा वाटा होता. अमेरिकेत काउबर्ड म्हणून एक पाखरू आहे, कोकिळेसारखं दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालणारं. त्याचं पिलू कोणत्याही जातीच्या पालकाकडे वाढतं. २०१४ मध्ये त्याच्या आतड्यातले जिवाणू पाहिले तर सगळ्यांत ठळक दिसली ती गोष्ट म्हणजे पाखरू पकडलं कुठे, ते ठिकाण. मुलुख आधी, कूळ मागे.

इथे मी खूश होऊन वही मिटणार होते. पण स्पेनमधली एक नोंद आडवी आली. तिथला ठिपकेवाला चातक मॅगपाय या कावळ्याच्या भावकीतल्या पाखराच्या घरट्यात अंडं घालतो. एकाच घरट्यात, एकाच पालकाच्या चोचीतलं खाऊन वाढलेली चातकाची आणि मॅगपायची पिल्लं तपासली, २००९ मध्ये, आणि त्यांच्या आतड्यातले जिवाणू वेगवेगळे निघाले. घरटं तेच, घास तोच, तरी फरक. आतड्याची घडण, त्यातली आम्लता, पचवायला लागणारा वेळ, हे ज्याचं त्याचं जन्मजात असतं, आणि आलेल्या पाहुण्यांतून कोणाला ठेवायचं हे शरीरही ठरवतं. आमच्याकडे पावशा सातभाईच्या घरट्यात वाढतो. मृगाच्या आधी आंब्यावरून "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" म्हणून ओरडतो तो सातभाईच्या हातचं खाऊन मोठा झालेला, आणि तरी त्याला सातभाईसारखा कलकलाट येत नाही. पोटाचंही काही असंच असावं. घर सगळं देतं, असं म्हणता येत नाही.

तरीही सगळ्या प्राण्यांकडे एकत्र पाहिलं तर पाखरं वेगळी पडतात. २०२० मध्ये सुमारे ९०० जातींच्या कणाधारी प्राण्यांच्या आतड्यांची तुलना छापून आली. सस्तन प्राण्यांत कूळ आणि आहार कळला की पोटातल्या जिवाणूंचा बराच अंदाज बांधता येतो. जवळच्या भावकीतल्या प्राण्यांची पोटंही जवळची. पाखरांत हा धागा फारच ढिला. आणि या बाबतीत पाखरांच्या जवळ कोण बसलं, तर वटवाघूळ. पिलाला दूध पाजणारं, कुळाने आपल्या बाजूचं, पण उडणारं. संशोधकांचा कयास असा की उडायचं तर पोट हलकं हवं, घास लवकर पुढे सरकायला हवा, आणि अशा घाईच्या पोटात जिवाणूंशी पिढ्यान्‌पिढ्यांची घट्ट सोयरीक जमत नाही. जे वाटेत भेटतील ते काही काळ राहतात. आमच्या मारुतीच्या देवळामागच्या वडावर शेकडो वटवाघळं उलटी लटकलेली असतात, आणि त्याच वडावर साळुंक्या, हळद्या, राघू फळं खातात. एका झाडाचं फळ खाऊन, एकाच तऱ्हेने हवेत हलकं होऊन जगणारी ही दोन घराणी, हे आता मला त्या झाडाखालून जाताना दर वेळी आठवतं.

हलकं होण्याची हद्द किती असावी? अलास्काहून समुद्रावरून थेट दक्षिणेला जाणाऱ्या गॉडविट पाखरांची शरीरं १९९८ मध्ये तपासली गेली. अंगावर चरबीचे थर, आणि आतडी, पेषणी, यकृत आखडून लहान झालेली. प्रवासात न लागणारं सामान त्यांनी पोटातूनच कमी केलं होतं. पोट आखडलं की आतल्या रहिवाशांचं काय होत असेल? सैबेरियाहून ऑस्ट्रेलियात येणारा टिलव्यांतला एक चिमुकला पक्षी आहे, तीस ग्रॅमच्या आतबाहेर वजन. २०१७ च्या अभ्यासात नुकतेच आलेले आणि तिथेच वर्षभर थांबलेले असे दोन्ही तपासले. मला वाटलं होतं, एवढ्या देशांचा चिखल चाखून आलेल्याचं पोट पार बदललेलं असेल. तसं नव्हतं. नुकत्याच आलेल्यांत कॉरिनेबॅक्टेरियम नावाचा एक गट फार वाढलेला होता, बाकी पोट बऱ्यापैकी स्थानिकांसारखंच. रस्त्यातला प्रत्येक जिवाणू आत घेतला गेला नव्हता.

खाण्याने पोट कसं घडतं ते पाहायचं तर गिधाडाकडे जावं. गावाच्या पश्चिमेला पडीत आहे, तिथे मेलेली ढोरं नेऊन टाकत. आमचा सर्जा बैल गेला तेव्हा मी पाच-सहा वर्षांची असेन. सकाळी त्याला बैलबंडीवर घालून नेलं, बाबा परत आले ते कोणाशी बोलले नाहीत. दुपारी मी आणि दादा लपून गेलो. पडीत गिधाडांनी काळी झाली होती. मान पार आत घालून, लाल होऊन बाहेर काढत होती. संध्याकाळी नुसता सांगाडा होता आणि वास जवळजवळ नव्हता.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन जातींची पन्नास गिधाडं तपासली गेली. ती आपल्या गिधाडांच्या कुळातली नाहीत, पण धंदा तोच. त्यांच्या तोंडावरच्या कातडीवर जिवाणूंचे सरासरी ५२८ प्रकार मिळाले आणि आतड्यात फक्त ७६. सडक्या मांसाबरोबर आत गेलेला बाकीचा सगळा लवाजमा वाटेतल्या जहाल आम्लात संपला होता. जे उरले त्यांत मुख्य दोन गट, क्लॉस्ट्रिडिया आणि फ्युसोबॅक्टेरिया. धनुर्वाताचा जंतू क्लॉस्ट्रिडियाच्याच भावकीतला. दुसऱ्याच्या अंगात जे विष व्हावं ते गिधाडाच्या पोटात कामाला लागलेलं. एवढं पोलादी पोट, आणि ते हरलं कशापुढे, तर ढोरांच्या दुखण्यावर टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकपुढे. मेलेल्या ढोराच्या मांसातून ते औषध गिधाडांत गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. हे २००४ मध्ये कळलं, ढोरांसाठीच्या वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली होती. आमच्या पडीतावर आता कुत्री असतात. संध्याकाळी त्या बाजूने कोणी पोरांना एकटं पाठवत नाही.

गिधाडांचं असं एका औषधाने झालं आणि ते मोजता आलं. जे हळूहळू होतं ते मोजायला कोणी बसत नाही, याची मला जास्त चिंता वाटते. बेल्जियममध्ये शहरातल्या आणि खेड्यातल्या घरचिमण्यांची पोटं तपासली, २०१८ मध्ये. शहरातल्या चिमणीच्या पोटात जिवाणूंची विविधता कमी निघाली. चिमणी तीच, रंग तोच, अंगण बदललेलं. आणि अंगण आमचंही बदललं आहे. माझ्या लहानपणी आमच्या धुऱ्यावर कुंदा, बोरी, तरोटा, पळसाची झुडपं आणि वारुळं असायची, धुरा दोन-तीन हात रुंद. ज्वारी होती म्हणून हिवाळ्यात भोरड्यांचे थवे उतरायचे. आता कपाशी, सोयाबीन आणि तूर. धुरा पाऊलभर उरलाय, आणि त्यावर तणनाशक मारलं की तो जूनमध्येही उन्हाळ्यासारखा पिवळा दिसतो.

ग्लायफोसेट हे तणनाशक झाडातली एक रासायनिक वाट बंद करतं. तिला शिकिमेट मार्ग म्हणतात. माणसात, ढोरात, पाखरात ही वाट नाही, म्हणून ते आपल्याला बाधत नाही असं दुकानात सांगतात. पण ती वाट पुष्कळ जिवाणूंत आहे. फिनलंडमध्ये जपानी लाव्यांना दाण्यातून ग्लायफोसेटचं तणनाशक देऊन पाहिलं, २०२० मध्ये निष्कर्ष आले. अंड्यांवर ठळक परिणाम दिसला नाही, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. पोटातल्या जिवाणूंची घडी मात्र बदलली. लावा आणि तीतर एका घराण्यातले. त्या दोघांचंही दुसरं पोट आहे.

मी दादाला हे सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "निंदायले बाई सांग कुठं भेटते? भेटली तं तीनशे रुपये रोज. तू देतं?" त्याच्याशी मी भांडू शकत नाही. चार एकर कोरडवाहू, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, कपाशीचा भाव दर वर्षी नवा. निंदण वेळेत झालं नाही तर पीक हातचं जातं, हे मला त्याच्याइतकंच माहीत आहे. मी फक्त म्हटलं, नाल्याकडचा धुरा सोड. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

त्या तीन तीतरांचं पुढे काय झालं, ते राहिलंच. जूनमध्ये पंख फुटले. एक मांजराने नेलं. उरलेली दोन कोंबडीबरोबर खुराड्यात यायची, पण आत न जाता वर चढून बसायची. पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी धुऱ्याकडून तीतर ओरडला, "कतीतर कतीतर", आणि दोघंही माना उंच करून थांबली. सकाळी नव्हती. तांबडी कोंबडी दोन दिवस धुऱ्यापर्यंत जाऊन कुट्‌ कुट्‌ करत परत येत होती. आमच्या अंगणातलं काय काय घेऊन ती गेली असतील, आणि रानात ते किती दिवस टिकलं असेल, हे मला फार मनापासून जाणून घ्यायचं आहे. त्याला आता उपाय नाही.

यंदा जुलैत मी गावी होते. दादा पाठीवर पंप घेऊन नाल्याकडच्या धुऱ्याने निघाला होता, आई तुरीत निंदत होती. ती एकदम उभी राहिली आणि हातातलं खुरपं तिने बोरीच्या झुडपाकडे रोखलं. "तिकडं मारू नको रे. तिथं तीतरीण बसली हाय." मला काहीच दिसलं नाही. मग दिसलं, झुडपाच्या मुळाशी गवताच्या रंगाची पाठ, आणि न हलणारा डोळा. थोडं अलीकडे, मातीवर, दोन प्रकारची शिट. एक टोपीवाली, एक तपकिरी.

दादा काही बोलला नाही. त्याने पंप उतरवला नाही, नुसता दांडा सोडून नोझल खाली केला आणि तसाच बारा-पंधरा पावलं चालत गेला. बोरी मागे पडल्यावर त्याचा हात पुन्हा दांड्यावर गेला.